डावा हात

गेल्या दिवाळीत माझा बोर्डीचा एक वर्गमित्र सहकुटुंब आमच्याकडे डहाणूला उतरला होता. तो अमेरिकेत असतो, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला. बरोबर अठरा वर्षांचा मुलगा. त्याचं स्वागत करताना मला काय लहर आली कोण जाणे, मी डावा हात पुढं केला. पोरानं क्षणभरही न थबकता आपल्या डाव्या हातात तो घेतला.

“अगोबाई, सणासुदीला डावा हात!” आमची ही दारातून करवादली. तिला काय ठाऊक, की जगभरच्या बालवीरांची हीच खूण आहे! मी शाळेत त्यांचं पथक बरीच वर्षं चालवीत आलो आहे.

“काका, तुम्हीपण स्काउट?”

“पण म्हणजे? तूही?”

“होतो. मग ते बंद झालं.”

चकली मोडता मोडता त्यानं सांगितलं. त्यांच्या आळीतल्या पोरांचं पथक मॉर्मन चर्चच्या सभागृहात भरे. यांचं घर गणपती बसवणारं; पण तिथं त्याला धर्म कुणी विचारला नाही. तंबू ठोकले, चुली पेटवल्या, भाकऱ्यांऐवजी पाव करपवले. तो बारा वर्षांचा झाला, आणि पथकच उरलं नाही. मित्र मात्र त्याच सभागृहात जात राहिले, चर्चच्या स्वतःच्या नव्या कार्यक्रमाला. त्यालाही त्यांनी बोलावलं.

“गेलो दोनदा. सगळे चांगले होते, काका. पण ते माझं नव्हतं.”

पाहुणे गेल्यावर मी ते प्रकरण मुळातून वाचून काढलं. (मास्तरांची खोड, दुसरं काय!) अमेरिकेतल्या बॉय स्काउट संस्थेशी या चर्चचा घरोबा १९१३ पासूनचा. ८ मे २०१८ रोजी दोघांनी मिळून फारकत जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला ती अमलात आली. चर्चचे सव्वाचार लाखांच्या आसपास मुलगे त्या संस्थेत होते. चर्चचं म्हणणं असं की, आपले निम्म्याहून अधिक अनुयायी आता अमेरिका-कॅनडाच्या बाहेर राहतात. तेव्हा सगळ्या देशांतल्या मुलामुलींना एकच कार्यक्रम असावा, आणि त्यात धर्म, समाज, शरीर नि बुद्धी या चारी अंगांनी मूल वाढावं.

रागवायला जावं, तर कारण खोटं वाटेना. मुलग्यांच्या स्काउटिंगवर पैसा अधिक आणि त्यांच्या बहिणींवर कमी, अशी तिथल्या आयांची तक्रारही जुनीच होती. शिवाय आपण तरी काय केलं होतं? १९०९ साली बंगळुरात स्काउटिंग आलं ते गोऱ्यांच्या नि अँग्लो-इंडियनांच्या मुलांसाठी; हिंदी मुलांना दार बंद. तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी आपली निराळी पथकं काढली. ७ नोव्हेंबर १९५० ला ती सारी मिळून भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. मग चर्चला मी कोणत्या तोंडानं बोलावं?

आणि खरं सांगायचं तर माझं तोंड दुसऱ्याच कारणानं बंद झालं होतं.

डहाणूजवळ कोसबादची टेकडी आहे. ताराबाई मोडक नि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून आपलं ग्राम बाल शिक्षा केंद्र घेऊन तिथं आल्या. पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागं जाणाऱ्यांसाठी कुरणात भरवली. माँटेसरीबाईंची महाग साधनं बाजूला सारून शिंपल्या, बिया, पानं घेतली. शिक्षकांच्या सभेत हे मी मोठ्या ऐटीत सांगत असे.

आणि याच टेकडीच्या परिसरात, पंधराएक वर्षांमागं, मी शिबिर भरवलं होतं. तलासरीकडचा एक वारली मुलगा भाताचा भारा आवळण्याची गाठ इतकी घट्ट मारी, की ती सोडवताना माझी नखं दुखत. पण ती पुस्तकात नव्हती. मी गुण दिले नाहीत. शेवटच्या रात्री शेकोटीसाठी त्यानं आज्याचा तारपा आणला होता. लांबलचक, फुगीर दुध्याचा, धुरानं काळवंडलेला. त्याच्याबरोबरची चार पोरं हात गुंफून उभीही राहिली. मी म्हटलं, “आधी शेकोटीची गाणी होऊ देत. ते मागाहून पाहू.” गाणी मी घोलवडपर्यंत ऐकू जातील अशी म्हणवून घेतली. मागाहून झोपायची शिटी झाली. तारपा स्वयंपाकाच्या तंबूमागं, लाकडांवर ठेवलेला सकाळी मला दिसला.

हे मी मित्राच्या मुलाला निघायच्या आदल्या रात्री सांगितलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तो आता कुठे असतो?”

“तलासरीलाच. रिक्षा चालवतो. वाटेत दिसलो की ‘गुरुजी, बसा’ म्हणून थांबवतो. पैसे घेत नाही.”

“आणि तारपा?”

तेवढं मी त्याला अजून विचारलेलं नाही.