दाराची कडी

गेल्या मार्गशीर्षांत परसांतल्या तुळशीला पाणी घालून परत येतांना ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचें हाड मोडलें. दुसरे दिवशीं शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडाचें मोडलेलें डोकें काढून डॉक्टरांनीं त्या जागीं धातूचा गोळा बसविला, आणि आश्चर्य असें कीं, त्यानंतर चोवीस तासांच्या आंतच वॉकर धरून मला उभेंही केलें. सहाव्या दिवशीं मी घरीं आलें. खुब्याच्या दुखण्याविषयीं मला फारसें सांगावयाचें नाहीं. तें औषधांनीं आटोक्यांत होतें. घरीं आल्यावर दुसरेंच कांहीं दुखूं लागलें, त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमचें घर सातारचें, जुनें, दुमजली. माणसें लहानमोठीं अकरा. माझी खोली माडीवर, आणि जिना असा उभा कीं, धडधाकट पाहुणाही कठड्याला धरून चढतो. तेव्हां माझी खाट दिवाणखान्यांत टाकण्यांत आली. दिवाणखाना म्हणजे आमच्या घरचा हमरस्ताच. दूधवाला तेथूनच येणार, धाकट्या भाऊजींच्या शिकवणीचीं मुलें तेथूनच जाणार, आणि माजघरांत जाणाऱ्या प्रत्येकाची नजर खाटेवरून फिरून मगच पुढें सरकणार. चाळीस वर्षांत ज्यांच्यासमोर मीं खांद्यावरचा पदर ढळूं दिला नव्हता, त्यांच्यासमोर मी आतां पायांत उशी घेऊन उताणी पडलेली होतें.

डॉक्टरांचे नियम कडक होते. खुब्यांत काटकोनापेक्षां अधिक वाकावयाचें नाहीं, पायावर पाय टाकावयाचा नाहीं, जमिनीवर बसावयाचें नाहीं. त्यामुळें पाट गेला, देवापुढचें आसन गेलें. शेवटचा नियम असा कीं, न्हाणीघरांत आंतून कडी लावावयाची नाहीं; पुन्हां पडल्यास बाहेरून दार उघडतां आलें पाहिजे. नियम अगदीं रास्त. पण ज्या दिवशीं तो ऐकला, त्या दिवशीं आपल्या हातून नेमकें काय गेलें, हें मला उमगलें.

वेदनाशामक औषधांनीं कोठा जड होतो, त्यामुळें रोज सकाळीं “आज झालें का?” हा प्रश्न निघे. तो हळूच कानांत विचारला असता तर एक वेळ चाललें असतें. पण जाऊबाई तो स्वयंपाकघरांतून विचारीत, आणि मी उत्तर देण्यापूर्वीं दोघेतिघे आपापला तर्क सांगत. माझ्या खुब्याचें क्षकिरण-चित्र पुतण्यानें फोनवरच्या घरच्या ग्रुपवर पाठविलें. तें नागपूरपासून अमेरिकेपर्यंतच्या नातलगांनीं पाहिलें आणि “काकूंचा नवा खुबा छान दिसतो” असे अभिप्राय आले. मला कोणींच विचारलें नव्हतें. विचारावें, असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं.

आणि तक्रार तरी कोणाविरुद्ध करावी? हें सारें मायेपोटींच चाललें होतें. रात्रीं माझ्या नुसत्या कण्हण्यानें तीन माणसें उठून बसत. वैऱ्यासाठीं दार लावून घेतां येतें. माया करणाऱ्यांसाठीं तें कसें लावावें?

आमच्या घरीं वकिली दोन पिढ्यांची. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. दुसरे दिवशीं ती बातमी घरांत मोठ्यानें वाचली गेली, तेव्हां मीं हंसून म्हटलें होतें, “एकत्र कुटुंबांत खाजगी काय असतें? आपल्याकडे कुलूप लावतात तें दिवाळीच्या फराळाच्या डब्याला!” सगळे हंसले होते. खाटेवर पडल्या पडल्या तें हंसणें मला पुष्कळदां आठवलें.

ही कल्पना परकी आहे, आपल्या घरांना ती ठाऊक नव्हती, असें आपण सहज म्हणतों. तें खरें नाहीं. माझे सासरे माजघराच्या उंबऱ्याबाहेर खाकरल्याशिवाय कधीं आंत आले नाहींत. १९८१ सालीं मी वाईला माहेरीं बाळंत झालें. ती बाळंतिणीची खोली अंधारी, कोंदट. कोपऱ्यांत शेगडी, तींत ओव्याशेपांची धुरी. तिला मीं मागाहून पुष्कळ नांवें ठेविलीं, आणि ती कोंदट होती हें आजही म्हणेन. पण आजी दाराशीं बसे, आणि दहा दिवस आई व सुईण यांखेरीज कोणी उंबरा ओलांडला नाहीं. वडीलसुद्धां दाराबाहेरूनच “बरें आहे ना?” म्हणून विचारीत. त्याला सोयर म्हणत. कारण कांहींही सांगोत, टांके पडलेलें, दुधानें भिजलेलें तें शरीर कोणाच्या नजरेला पडलें नाहीं. आपण खोलीला खिडक्या पाडल्या, हें चांगलेंच केलें. त्याबरोबर दाराशीं बसणारी आजी उठवून लावली, एवढेंच चुकलें.

मला अंघोळ घालण्याचें काम सूनबाईकडे आलें. पहिल्या दिवशीं मी लाजेनें डोळे मिटूनच घेतले होते. मागाहून लक्षांत आलें कीं, इतर सारे बोलत बोलतच आंत येतात, ही मात्र बाहेर थांबून “आई, येऊं का?” असें विचारते, आणि माझें “ये” ऐकल्यावरच पाऊल टाकते. एकेक अवयव पुसून लगेच झांकी. पुसतांना तिचे डोळे खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडावर असत.

एके दिवशीं मीं विचारलें, “तुला हें कोणीं शिकविलें ग?”

“कोणीं नाहीं, आई. माझ्या वेळेस मला असें वाटलें होतें, कीं कोणीं तरी विचारावें.”

तिच्या बोलण्यांत टोंचणी नव्हती, म्हणूनच तें खोल गेलें. २००९ सालीं तिचें पोट चिरून बाळंतपण झालें, त्याला मी साक्षी होतें. कोण आनंद झाला होता मला! येईल त्या पाहुणीला मी थेट तिच्या खोलींत नेत असें. मूल अंगावर असतांनाही नेलें. “हिला दूध पुरत नाहीं,” असें चारचौघींत बोललें. आणि एकदां वन्संना मीं स्वतः तिचें पांघरूण बाजूला करून दाखविलें, “टांके कसे छान सुकले आहेत, पाहा.” तेव्हां तिनें भिंतीकडे तोंड फिरविलें होतें. मला वाटलें, तिला झोंप आली.

क्षमा कशी मागावी, हें आमच्या पिढींतल्या सासवांना कोणीं शिकविलें नाहीं. मीं एवढेंच म्हटलें, “तेव्हां माझें चुकलें.” ती फडकें पिळीत होती. “पाणी गार झालें, दुसरें आणतें,” असें म्हणून ती गेली, आणि पाणी आणावयाला लागतो त्याहून बराच वेळ बाहेर राहिली.

त्याच दुपारीं तिनें माझें एक जुनें नऊवारी लुगडें दोरीवर घालून खाटेभोवतीं आडोसा केला. मंडळी प्रथम हंसलीं. पण दोन दिवसांत नातू शेजारच्या खांबावर टकटक करूं लागला, कारण लुगड्यावर टकटक करतां येत नाहीं. मग जाऊबाईंचा सकाळचा प्रश्नही पडद्याशीं येऊन हलक्या आवाजांत होऊं लागला. माया कोणाची रतिभरही कमी झाली नाहीं.

आतां तीन महिने झाले. परवां कठड्याला धरून मी प्रथमच जिना चढलें. वाटेंत सूनबाईच्या खोलीचें दार नुसतें लोटलेलें होतें. इतक्या वर्षांच्या संवयीनें माझा हात पुढें गेला, आणि तसाच थांबला. मीं दारावर बोटें वाजविलीं.

“कोण?”

“मी आहें. येऊं का?”

आंत क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग ती म्हणाली, “या ना, आई.”

न्हाणीघराची कडी मी अजून लावीत नाहीं. नातू बाहेर राखणीला बसतो, दाराकडे पाठ करून.