शेवटच्या क्रमांकाच्या शहरात अंतिम सामना

मार्च लागला की तेलंगणाच्या सीमेलगतच्या धर्माबादच्या मोंढ्यातून जाताना नाकाला रुमाल लावावाच लागतो. मिरचीचा हंगाम ऐन भरात असतो. अडतीच्या दुकानांपुढे लाल ढीग पडलेले असतात, बाया देठ खुडत बसलेल्या असतात आणि मराठीत सुरू झालेला सौदा तेलुगूत मिटतो. तो ठसका घशात घेऊनच मी स्टेशनावर आलो. तारीख होती १ मार्च २०२४. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना त्या रात्री हैदराबादला होता. पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. मी निघालो होतो पलटणसाठी. डब्यात भेटली ती हैदराबादच्या तेलुगू टायटन्सची माणसं.

देवगिरी एक्स्प्रेसमध्ये खिडकीपाशी बसलेले मामा मोंढ्यात हमाली करणारे. सोबत कॉलेजात जाणारा भाचा. कबड्डीचा विषय निघाला आणि दोघांचे चेहरे खुलले.

“पण मामा, टायटन्स तर कधीच बाहेर पडले. मग आज कुणासाठी चाललाव?” मी विचारलं.

“खेळ बघायला चाललो, भाऊ. आपल्या हैदराबादला फायनल हाय. आपले पोट्टे हरायलेत म्हणून कबड्डी सोडून द्यायची का?”

त्यांच्या तोंडी ‘आपलं हैदराबाद’ सहज आलं. हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यातला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी धर्माबादचे दवाखाने, बाजार आणि सोयरिकी निजामाबाद-हैदराबादकडेच राहिल्या. पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर हैदराबाद आहे. त्यामुळे इथल्या पोरांच्या मोबाइलवर पलटण आणि यू मुंबाइतकेच टायटन्सही असतात.

बासरला डबा बराच रिकामा झाला. लेकरांच्या हातात नव्या पाट्या देऊन आईबाप सरस्वतीच्या दर्शनाला उतरले. मग गाडी गोदावरीच्या पुलावर आली आणि मामांनी खिडकीतून हात जोडले. या पाण्यावरून दोन राज्यांत किती वर्षं भांडण चाललं, हे धर्माबादकराला सांगावं लागत नाही. वरच्या बाजूला बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला. पावसाळ्यात, १ जुलै ते २८ ऑक्टोबर, बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं, असं त्यात ठरलं. आम्ही पूल ओलांडत होतो तो नेमका त्याच तारखेचा दिवस. पाण्याला निकाल लागला, आपलेपणाला तसा लागत नाही. मामांना महाराष्ट्र सोडायचा नव्हता आणि टायटन्सही.

निजामाबाद मागे पडलं तसा भाचा हिशेब मांडू लागला. आठव्या हंगामात २२ सामन्यांत १ विजय. नवव्यात २२ पैकी २. दहाव्यात पुन्हा २. तीन हंगाम, ६६ सामने, ५ विजय आणि तिन्ही वेळा बारा संघांत बारावा क्रमांक. हे आकडे त्याला तोंडपाठ होते. सांगताना त्याचा आवाज खाली आला होता.

दहाव्या हंगामाची सुरुवात मात्र मोठ्या आशेने झाली होती. लिलावात टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतलं. लीगच्या इतिहासात तोवर कुणाला एवढी किंमत आली नव्हती. संघ उभा करायला मर्यादा होती ५ कोटींची. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका चढाईपटूवर गेला. पवनने तो फुकट घालवला नाही. त्या हंगामात त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण मिळवले. संघ तरी तळालाच राहिला.

“पवन बाद होऊन बाकड्यावर बसला की आमची टीमच बसायची,” भाचा म्हणाला.

कबड्डीचं सगळं गणित या वाक्यात आहे. बाद झालेला खेळाडू आपोआप परत येत नाही. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला, तर तो उठतो. म्हणजे मुख्य चढाईपटू बाहेर बसला की त्याला उठवण्याचं काम उरलेल्या सहा जणांचं. त्यांनी पकड करायची, दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूने गुण आणायचे. ते जमलं नाही की एकेक गडी कमी होत जातो आणि शेवटी लोण चढतो. कोपरारक्षक कच्चे आणि राखीव फळी पातळ असेल, तर सर्वांत महागडा खेळाडू सामन्याचा मोठा भाग बाहेर बसून बघतो.

टायटन्सना हा अनुभव नवा नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना त्यांच्याकडे आला होता. त्यानेही दोनशेच्या वर गुण काढले आणि तेव्हाही संघ बाद फेरीत पोहोचला नाही.

सिकंदराबादला उतरून आम्ही मेट्रोने रायदुर्गला गेलो आणि तिथून रिक्षाने गच्चीबोवलीच्या बालयोगी इनडोअर स्टेडियमला. आत शिरलो तर टायटन्सचे टी-शर्ट घातलेली माणसं जागोजागी. त्यांचा संघ मॅटवर नव्हता, तरी प्रत्येक चांगल्या पकडीला ती उठून टाळ्या वाजवत होती. मला त्या प्रेक्षकांचा फार आदर वाटला.

सामना चुरशीचा झाला. पूर्वार्धात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले आणि पुण्याने सामन्यावर पकड घेतली. हरियाणाकडून तोच सिद्धार्थ देसाई एकेकाळच्या आपल्या घरच्या शहरात लढत होता. शेवटी अंतर कमी होत गेलं, पण पुण्याने २८-२५ असा विजय मिळवला आणि पहिल्यांदाच करंडक उचलला. मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

पुण्यानेही मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते. फरक पडला तो त्याच्याभोवतीच्या पोरांमुळे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला कर्णधार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे पलटणने आठव्या हंगामात कोवळ्या वयात घेतले, त्यांना खेळवत ठेवलं, हरू दिलं, शिकू दिलं. नवव्या हंगामाची अंतिम फेरी हरलेला संघ मोडला नाही. एक बाद झाला की दुसरा उभा राहत होता.

परतीच्या गाडीत मामा माझं अभिनंदन करून म्हणाले, “पुढच्या साली आमची पाळी. लिहून घ्या, भाऊ.”

पुढच्या हंगामात पवनला दुखापत झाली. मामांचा संघ त्याच्याविना कोसळेल अशीच भीती होती. पण विजय मलिकने नेतृत्व घेतलं, आशिष नरवालसारखे नवे चढाईपटू गुण आणू लागले आणि टायटन्सनी २२ पैकी १२ सामने जिंकले. बाद फेरी थोडक्यात हुकली. त्याच हंगामात अस्लम जखमी झाला आणि गतविजेत्या पलटणलाही बाद फेरी गाठता आली नाही. पराभवाचे हंगाम कुणालाच चुकत नाहीत. त्यातून बाहेर काढतात ती राखीव बाकावर वाढवलेली पोरं.

तशी पोरं नांदेड, निजामाबाद आणि आदिलाबादच्या गावोगावच्या मातीत रोज संध्याकाळी खेळतात. हैदराबादच्या आणि पुण्याच्या, दोन्ही संघांच्या निवडकर्त्यांनी एकदा धर्माबादला उतरावं. इथली माणसं हरणाऱ्या संघालाही सोडत नाहीत. त्यांच्या पोरांना मॅटवर जागा मिळायला हवी.