त्रेचाळीस साखळ्या

वकिलाच्या टेबलावर कागदांखेरीज दुसरा पसारा नसावा, असा एक लोकसमज आहे. आणि तो बव्हंशी योग्यही आहे. माझ्या टेबलाची मात्र गेल्या पावसाळ्यात वाटणी झाली होती. डाव्या बाजूस दाव्यांच्या फायली आणि उजव्या बाजूस एका रणगाड्याचे सुटे अवयव! ही वाटणी काही सरसनिरस मानाने झालेली नव्हती. उजवा हिस्सेदार दिवसेंदिवस डावीकडे अतिक्रमण करीत चालला होता. “अहो, पक्षकार आले तर त्यांना काय वाटेल?” असे सौभाग्यवतींनी दोनतीनदा विचारून पाहिले. पक्षकारांना काय वाटते ते लवकरच कळले. खानापूरकडचे एक वृद्ध शेतकरी खुर्चीवर टेकता टेकता ते यंत्र न्याहाळू लागले आणि म्हणाले, “नवीन मळणीयंत्र काय हो, वकीलसाहेब?”

मला हसू आले. पण म्हाताऱ्याचे फारसे चुकले नव्हते. खळ्यावर धान्य झोडपण्याचे जे अवजार युरोपात होते, त्याच कल्पनेवर ही गाडी बेतलेली आहे. ‘शर्मन क्रॅब’ हे तिचे नाव. क्रॅब म्हणजे खेकडा. दुसऱ्या महायुद्धातील नेहमीचा शर्मन रणगाडा घ्यायचा, त्याच्या तोंडापुढे दोन लोखंडी बाहू बसवायचे, त्या बाहूंच्या मध्ये एक आडवा रूळ अडकवायचा आणि त्या रुळावर त्रेचाळीस साखळ्या टांगायच्या. रणगाड्याच्याच इंजिनाने तो रूळ मिनिटास सुमारे १४२ वेळा फिरे, आणि साखळ्या पुढची जमीन झोडपीत जात. जमिनीत पुरलेला सुरुंग त्या तडाख्याने गाडीच्या पुढेच फुटे. मागून येणाऱ्या पायदळास आणि गाड्यांस दहाएक फुटांची सुरक्षित वाट मिळे. या कामात असताना तिचा वेग ताशी सव्वा मैल. म्हणजे पालखीबरोबर चालणारा भाविकही तिला सहज मागे टाकील.

युद्धासाठी बनविलेल्या यंत्रांमध्ये हे यंत्र मला प्रथमपासूनच निराळे वाटत आले आहे. तिला तोफ होती. परंतु झोडपण्याचे काम चालू असताना ती तोफ मागे वळवून ठेवीत. म्हणजे ज्या वेळी संकट अगदी समोर, त्याच वेळी समोरच्यावर हात उगारण्याची सोय नाही! आतील पाच माणसांस उडणाऱ्या धुळीमुळे पुढचे काही दिसत नसे. होकायंत्र पाहून दिशा धरावी लागे. पाच गाड्यांच्या तुकडीतील तीन गाड्या तिरक्या रांगेने जमीन झोडपीत पुढे सरकत, आणि उरलेल्या दोन त्यांच्या रक्षणासाठी तोफा रोखून मागे उभ्या राहत. झोडपलेल्या वाटेची कड मागच्यांना कळावी म्हणून गाडीतून खडूची भुकटी सांडीत जाण्याचीही योजना होती.

या कल्पनेचे जनकत्व दक्षिण आफ्रिकेच्या आब्राहम दु तॉइत यांच्याकडे जाते. १९४२ च्या ऑक्टोबरात अल अलामेनच्या लढाईत ‘स्कॉर्पियन’ नावाची तिची पहिली आवृत्ती वाळवंटात उतरली. पण तिचा रूळ फिरविण्यास निराळे इंजिन लागे आणि ते धुळीने गुदमरे. पुढे क्रॅब सिद्ध झाली, आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली. ज्या ७९ व्या चिलखती डिव्हिजनमध्ये अशा विक्षिप्त गाड्यांचे गोकुळ नांदत होते, तिचे सेनापती पर्सी होबार्ट हे १८८५ साली आपल्याकडे नैनितालला जन्मलेले. १९४० साली त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले, तेव्हा हा मेजर जनरल गावच्या स्वयंसेवक दलात लान्स कॉर्पोरल म्हणून उभा राहिला! चर्चिल यांनी त्यांना पुन्हा सैन्यात आणले नसते, तर माझ्या टेबलावर आज कोणते यंत्र असते कोण जाणे.

माझी प्रतिकृती एकास पस्तीस या प्रमाणातील. सत्तावीस फुटांची गाडी सव्वानऊ इंचांत आलेली. पट्टे, चाके, घुमट हे सारे पंधरा दिवसांत उभे राहिले. खरी परीक्षा पाहिली ती साखळ्यांनी. बारीक साखळीचे सारख्या लांबीचे त्रेचाळीस तुकडे कापायचे, चिमट्याने एकेक धरून रुळावर चिकटवायचे, आणि तो वाळेपर्यंत श्वास रोखून बसायचे. कोर्टातून आल्यावर रोज दोन, फार तर तीन साखळ्या. त्रेचाळिसावी बसली त्या रात्री मी सौभाग्यवतींस मुद्दाम उठवून ते दाखविले, आणि त्यांनीही मोठ्या मनाने “छान झाले हो” असे म्हटले.

त्यानंतर आले ते मुरविण्याचे काम. इंग्रजीत त्यास वेदरिंग म्हणतात. मला आपला लोणच्याचा शब्दच बरा वाटतो. कोऱ्या रंगाची गाडी दुकानातल्या खेळण्यासारखी दिसते. तिने ऊन, पाऊस, चिखल सोसला आहे, असे दिसले पाहिजे. म्हणून हिरवट रंगावर वार्निशचा हात द्यायचा, पातळ केलेला तपकिरी तैलरंग खाचांतून आणि खिळ्यांभोवती सोडायचा, जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा, स्पंजच्या तुकड्याने रंगाचे टवके उडाल्याचा भास करायचा आणि शेवटी धूळ बसवायची. पहिल्या उत्साहात मी हे सारे केले, आणि सगळीकडे सारखेच केले. गंज येथेही, तेथेही. अंगणातील आपली तांबडी मातीसुद्धा चाळून चाकांस लावली.

मध्यंतरी अभिषेकासाठी गोव्यास कुलदेवतेच्या दर्शनास जाणे झाले. गर्दी होती, रांगेत उभा असता माझे लक्ष उंबरठ्याच्या दगडाकडे गेले. तो मधोमध झिजून खोलगट झाला होता, आणि दोन्ही टोकांस मात्र टाकीचे मूळ घाव अजून स्पष्ट दिसत होते. शेजारच्या समईचे पितळही असेच. ज्या बाजूने तेल घालतात ती बाजू काळवंडलेली, आणि हात लागतो ती मान लखलखीत. तेथेच माझी चूक ध्यानात आली. जुनेपण वस्तूवर सारखे पसरत नाही. जेथे तिचा उपयोग झाला, तेथेच ते उमटते. ज्या खुणेस कारण नाही ती खूण म्हणजे बनावट दस्तऐवज. आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या गाडीच्या चाकांस बेळगावची तांबडी माती, ही तर धडधडीत खोटी साक्ष! घरी परतल्यावर मी अर्धे काम पुसून काढले. तांबडी माती धुतली; पांढरा नि पिवळा खडू खलून किनाऱ्याकडच्या वाळूच्या रंगाची भुकटी केली, आणि जेथे धूळ खरोखर उडाली असती त्या पुढच्या पत्र्यावर ती दाट बसविली. साखळ्यांची मुळे गंजकट ठेवली, आणि जमिनीवर आपटणारी टोके ग्राफाइटने घासून चकचकीत केली. आता या पुराव्यावर कोणी उलटतपासणी घ्यावी, मी तयार होतो.

उलटतपासणी घेतली ती अण्णाने.

अण्णा माझा आतेभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लष्कराच्या अभियंता पलटणीत होता. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर पश्चिम सीमेवर सैन्य उभे राहिले आणि मैलोगणती सुरुंग पेरले गेले. पुढच्या ऑक्टोबरात सैन्य मागे घेण्याचे ठरले. माणसे आज्ञेने परत येतात. पेरलेले सुरुंग येत नाहीत. ते माणसांनी वाकून, एकेक करून उचलावे लागतात. राजस्थानच्या वाळूत ते काम करताना अण्णाचे उजवे पाऊल गेले. मी त्या वेळी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्याच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जाचा मसुदा मीच केला, आणि ‘उजवे पाऊल घोट्याच्या वरून’ हे शब्द मोठ्या व्यवस्थितपणे लिहिले. त्या दिवसाविषयी त्याच्याशी मी त्यापलीकडे कधी बोललो नव्हतो. त्यास दुःख होईल, असे मी स्वतःस सांगत आलो होतो.

जमिनीच्या उताऱ्याचे काही काम घेऊन तो त्या दिवशी आला होता. चहा होईतो त्याने गाडी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ धरली. मी रूळ, तोफ, होकायंत्र, खडूची भुकटी असे सर्व सविस्तर निवेदन केले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

“साखळ्या किती?”

“त्रेचाळीस.”

“सगळ्या आहेत?”

“आहेत की! एकेक मोजून लावली आहे.”

“म्हणजे या गाडीला अजून एकही सुरुंग मिळालेला नाही,” अण्णा म्हणाला. “मग एवढी धूळ कशाला लावलीस रे, वकील?”

मी निरुत्तर झालो. सुरुंग फुटला की साखळी तुटते. तुटलेल्या साखळ्या बदलून गाडी पुन्हा कामास लागते, हे मी पुस्तकांत वाचले होते. वाचून ते बाजूस ठेवले होते, कारण माझ्या त्रेचाळीस साखळ्यांचा मला अभिमान होता. जे हरवले आहे तीही एक खूण असते, आणि या गाडीच्या बाबतीत तर तीच मुख्य खूण, हे मला सुचले नव्हते.

चहा आला. अण्णा गाडी खाली न ठेवताच बोलू लागला. “लोक मला विचारतात, तो एक कसा चुकला? घरचेसुद्धा तेच विचारतात. त्या आठवड्यात आधी किती काढले, ते कोणी विचारले नाही.”

“किती काढले होते, अण्णा?” मी विचारले. हा प्रश्न विचारण्यास मला वीस वर्षांहून अधिक काळ लागला होता.

त्याने आकडा सांगितला. तो येथे लिहीत नाही. तो त्याचा आहे. त्यानंतर तासभर तो बोलला. वाळू सरकते म्हणून नकाशावरची जागा आणि जमिनीवरची जागा एक राहत नाही, हे त्याने समजावून सांगितले. उन्हात घामाने हात निसटतात, तेव्हा थांबायचे कसे, तेही सांगितले. लहानपणी आम्ही दोघे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावरून शाळेत जात असू. शिपाई नामदेव जाधव यांची कथा आम्ही तेव्हाच ऐकली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले, आणि त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. “त्या पट्ट्यातून ते तीनदा गेले. पुढे झोडपणारे कोणी नव्हते,” अण्णा म्हणाला. मी ती कथा आजवर शौर्याची म्हणून ऐकली होती. पावलांची कथा म्हणून तिच्याकडे पाहणारा अण्णाच.

तो जाण्यापूर्वी मी पक्कड आणली. “किती तोडू?” म्हणून विचारले. तो म्हणाला, “एका जागी नको. सुरुंग रांगेत नसतात.” चार साखळ्या तुटल्या, कोणी मुळाशी, कोणी अर्ध्यावर. पाचवीच्या जागी मी कोरी, न मुरविलेली साखळी लावली. कारण तुटलेली बदलणारी माणसेही त्या गाडीत होती. ती सगळ्यांत उठून दिसते. गाडी पाटावर बसविल्यावर उरलेली खडूची भुकटी अण्णाने चिमटीत घेतली आणि गाडीच्या मागे, तिच्या डाव्या कडेने, एक सरळ रेघ ओढली. रांगोळी घालणाऱ्या हातास इतकी सरळ रेघ क्वचितच साधते.

पाट आता टेबलाच्या उजव्या बाजूस कायमचा आहे. परवा ते खानापूरचे वृद्ध पक्षकार तारखेसाठी पुन्हा आले. बराच वेळ त्यांनी गाडीकडे पाहिले. तुटक्या साखळ्यांवरून बोट फिरविले आणि समाधानाने मान हलविली.

“काम झालेले दिसते हिच्याकडून,” ते म्हणाले.

मी होय म्हटले, आणि त्यांची फाईल उघडली.