ज्यांचा फोटो नाही, त्यांचे पान

मी काही लेखिका नव्हे. सातवी पास झाले आणि पुढची चाळीस वर्षे कागद चिकटवण्यात गेली. लग्नाचे अल्बम, जयंतीचे अल्बम, कात्रणांच्या वह्या बांधून दिल्या आणि त्यावरच संसार केला. या पानावर भगिनी आपापले अनुभव लिहितात. ते वाचून वाटले, आपल्याजवळही सांगण्यासारखे एक आहे. ते एका पानाविषयी आहे आणि ते पान ज्या बाईचे, तिच्याविषयी.

२०२२ साली नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली. खोली १६० चौरस फुटांची, पण सामान निघाले तीन पिढ्यांचे. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. शेजारच्या बायका पिशव्यांत जुने फोटो घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. "बाई, हे टाकवत नाही आणि ठेवावं कुठं ते कळत नाही," असे प्रत्येकीचे म्हणणे. कुणाच्या फोटोंना वाळवी लागलेली, कुणाचे पावसाने एकमेकांना चिकटलेले. किती फोटोंतली माणसे कोण, हे सांगणारेही कुणी उरले नव्हते.

त्याच गडबडीत माझ्या मुलीने आमच्या घरचा अल्बम उघडला. आमचे लग्न, मुलीचे बारसे, नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो ते, मुलगा दहावी झाला तो दिवस. पाने उलटता उलटता ती थांबली. "आई, यात अक्कामावशी कुठंच नाही गं?"

मी अल्बम हातात घेतला आणि पहिल्यापासून बघितला. खरेच, अक्का कुठे नव्हती. बारशाच्या एका फोटोत पाळण्याची दोरी धरलेला एक हात तेवढा आला आहे. तो तिचा. बाकी ती कधी मोरीत भांडी घासत असणार, कधी आमचे लेकरू कडेवर घेऊन बाहेर उभी असणार, कधी फोटोवाल्याला चहा करत असणार. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांचे अल्बम लावले आणि माझ्याच अल्बमात जिच्यामुळे मी उभी राहिले तिला जागा नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांतले एक आमचे घरधनी. संप कधी मिटलाच नाही. १९८३ साली मी लालबागकडच्या एका बायंडिंगखान्यात कामाला लागले. बायकांना तिथे घडीचे आणि जुळवणीचे काम. छापलेले मोठे कागद यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, मग पानांच्या क्रमाने जुळवायच्या. शिलाई आणि कटिंग मशीन पुरुषांकडे. माझ्या शेजारी बसायची ती अक्का. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, सातारकडची. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते, पण घडी अशी घालायची की कागद जणू तसाच जन्माला आला. पहिल्या आठवड्यात माझी बोटे कागदाने कापली, तर तिने आपल्या लुगड्याचा काठ फाडून चिंध्या बांधल्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी कातरणाच्या ढिगावर बसून भाकरी खात असू. तिच्या डब्यात ठेचा, माझ्या डब्यात कधी काही नसेच. "आज माझी भूक मेलीय, तूच खा," असे ती म्हणायची. रोज रोज कुणाची भूक मरते का? पण तेव्हा मी तेवढा विचार केला नाही.

पुढे मी पुरुषांचे बघून शिलाई शिकले. घरी अल्बम बांधायचे मनात आले. त्यासाठी शिकंजा पाहिजे, दाभण, पुठ्ठा, काळा जाड कागद, बटर पेपर पाहिजे. १९८८ साली एवढ्याला आठशे रुपये लागत होते. घरी तर आठ रुपयांची मारामार. चौथ्या दिवशी अक्काने पदराच्या गाठीतून आठशे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. तिच्या कानांतल्या कुड्या गेलेल्या मला दिसल्या. नवऱ्याला तिने सांगितले होते, फिरकी तुटली म्हणून सोनाराकडे टाकल्यात.

चौदा महिने मी दर महिन्याला पेढीवर जाऊन व्याज भरले आणि शेवटी कुड्या सोडवून तिच्या कानांत घातल्या. त्या चौदा महिन्यांत तिने एकदाही विचारले नाही की पैसे कधी देतेस.

घरात काम सुरू झाले. घरधनी आधी कुरकुरले, "कागद चिकटवून काय पोट भरतं का?" पण रखवालदारीची पाळी संपवून आले की तेच पट्ट्या कापायला बसत. या पट्ट्यांचे महत्त्व सांगते. कात्रणांची किंवा फोटोंची वही साध्या वहीसारखी बांधली, तर आत चिकटवलेल्या कागदांनी ती फुगते आणि पाठ फाटते. म्हणून पाठीकडच्या बाजूला दोन पानांच्या मध्ये कागदाची अरुंद पट्टी घालून शिवावे लागते. जेवढी जाडी आत येणार, तेवढी जागा आधीच ठेवायची. शिकंज्यात एका वेळी दोनच अल्बम मावत, म्हणून उरलेल्या अल्बमांवर रात्री पाटा ठेवायचा आणि पोरांना सांगायचे, वरवंट्याला हात लावू नका. पोरे त्या अल्बमांच्या उशाशी झोपून मोठी झाली. सणासुदीला काम जास्त आले की अक्का सुट्टीच्या दिवशी येऊन बसे. मजुरीचे नाव काढले की रागवे.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगते. प्लॅस्टिकचे पान उचलून फोटो ठेवायचा, खाली चिकट रेषा, असे अल्बम एके काळी घरोघर आले होते. दिसायला छान, पण त्यांचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो धरून बसतो. एक बाई असा अल्बम घेऊन आली. तिच्या वडिलांचा एकच फोटो होता. मी घाईने ओढला आणि चेहऱ्याची कड फाटली. त्या बाईसमोर जायची मला हिंमत होईना. अक्का माझ्याबरोबर आली. दारात उभी राहून तीच आधी बोलली, "आमच्या हातनं झालंय." आमच्या म्हणाली. तिचा त्यात काही संबंध नव्हता. ती बाई रडली, मीही रडले. नंतर मी शिकले की असा फोटो ओढायचा नसतो. बारीक, मजबूत दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. आणि तरीही निघत नसेल, तर आहे तसा राहू द्यायचा.

त्या दिवसापासून एक नियम केला. चिकटवायचे ते असे, की उद्या कुणाला काढायचे असेल तर काढता आले पाहिजे. फोटोला मागून गोंद लावायचा नाही, चार कोपऱ्यांना काळे त्रिकोण लावायचे. कात्रणाला गव्हाच्या पिठाची खळ. खळीला कसर लागू नये म्हणून बायंडर लोक मोरचूद घालतात. ते विष आहे, म्हणून लेकराबाळांच्या घरात मी ते वापरले नाही. लागेल तेवढीच ताजी खळ रोज शिजवली. वही पूर्ण वाळल्याशिवाय बंद करायची नाही, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, उजेडात तो लवकर पिवळा पडतो आणि तुटू लागतो, म्हणून वही अंधारात, कोरड्या जागी ठेवायची. कात्रणाखाली वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख लिहायची. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता, माणसांची नावे लिहायची. तारीख नसलेले कात्रण आणि नाव नसलेला फोटो, दोन्ही मुके.

कागद जपण्याला कमी समजू नका. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांविषयीचे कागदपत्र आयुष्यभर गोळा केले, म्हणून बारा खंडांचे चरित्र उभे राहिले. पहिला खंड १९५२ साली निघाला. १९७१ साली खैरमोडे गेले, तेव्हा काम पुरे छापून झाले नव्हते. पुढच्या खंडांसाठी त्यांच्या पत्नी द्वारकाबाई झटल्या. आपण मोठी माणसे नाही. पण आपल्या घराचे चरित्र आपण नाही जपले तर कोण जपणार?

तर चाळ सोडायच्या आधी मी ठरवले, अक्काचे पान करायचे. फोटो नव्हता. मग काय लावायचे? पाळण्याची दोरी धरलेल्या हाताचा फोटो लावला. तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी मी जपून ठेवली होती, ती लावली. मधोमध पेढीवर व्याज भरल्याची एक जुनी पावती लावली आणि खाली चांगल्या अक्षरात लिहिले : "१९८८ साली स्वतःच्या कुड्या गहाण टाकून अक्काने मला धंद्याला उभे केले." मला वाटले, आता कुठे ऋण मान्य झाले.

पान घेऊन तिच्याकडे गेले. आता तिचे गुडघे धरलेत, नवरा जाऊन बारा वर्षे झाली, मुलगा-सून चांगली आहेत. तिने पान मांडीवर घेतले. काठाच्या चिंधीवरून बोट फिरवून हसली. मग खालचे अक्षर लावून लावून वाचले आणि गप्प झाली.

"ही पावती काढ," ती म्हणाली.

"का गं अक्का?"

"त्यांना म्या खोटं बोलले हुते. आता ते न्हाईत. पोरं वाचतील, आयनं बापाला फशिवलं. आनि दुसरं सांगू? पावती लावलीस की मी तुझी सावकार झाले. मी काय सावकार हाय का तुझी?"

मला उत्तर सुचले नाही. मी उपकार फेडायला निघाले होते आणि तिचे जे झाकलेले होते तेच उघडे करून बसले होते. तिला विचारायचे मला सुचलेच नाही. आभार मानणे हेही ज्याचे मानायचे त्याच्या मर्जीने झाले पाहिजे, हे मला साठी उलटल्यावर कळले.

तिथेच ओला फडका मागून घेतला. पावतीवर हलका दाबून धरला. खळ पिठाची होती, थोड्या वेळात सुटली, पावती अख्खी निघाली. खाली लिहिलेले मात्र निघणार नव्हते, म्हणून त्यावर कोरा कागद लावला. पानाच्या मधोमध आता मोकळी जागा.

अक्का उठली. पलंगाखालून डबा ओढला. त्यातून एक लांबट, पिवळी पडलेली कागदाची पट्टी काढली. बायंडिंगखान्यातले कातरण. त्यावर पेन्सिलीने एकच नाव अकरा वेळा लिहिलेले. पहिली तीन वेडीवाकडी, एकात काना सुटलेला, शेवटचे मात्र सरळ. ते तिचे नाव होते.

"हे लाव," ती म्हणाली.

मला आठवेना. तिने आठवण दिली. पगाराच्या दिवशी ती अंगठा लावायची आणि पैसे देणारा कारकून शाईचा डबा पुढे सरकवताना दरवेळी हसायचा. १९८४ सालच्या पावसाळ्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी कातरणाच्या पट्ट्यांवर तिला तिचे नाव गिरवायला शिकवले होते. पुढच्या पगाराला तिने सही केली आणि तो कारकून हसला नाही. माझ्या लेखी ते दहा मिनिटांचे काम होते, मी विसरूनही गेले. तिने ती पट्टी जपून ठेवली होती. माझ्या पावतीपेक्षाही जुनी.

"आता बराबर झालं," ती म्हणाली.

ती पट्टी मी लावली. चिकटवली नाही, दोन टोकांना कागदाच्या खाचा करून अडकवली. खाली काय लिहायचे विचारले तर म्हणाली, "तारीख लिही. तूच म्हनतीस ना, तारीख पायजे." म्हणून फक्त "पावसाळा, १९८४" एवढे लिहिले. कुड्यांचे इथे लिहू का, हेही आधी विचारले. ती म्हणाली, "लिही, पन नाव घालू नको." म्हणून नाव छापत नाही.

माझ्या भगिनींना एकच सांगणे. आता फोटो मोबाईलमध्ये शेकड्याने असतात आणि मोबाईल बिघडला की जातात. वर्षातून दहा तरी कागदावर काढा, मागे नावे लिहा. आणि लिहिताना फोटोत जे नाहीत त्यांचीही आठवण करा. लग्नाची साडी कुणी दिली, बाळंतपणात दवाखान्यात रात्री कोण बसले, फीचे पैसे कुणी भरले. त्यांना विचारा, त्यांना चालत असेल तर लिहा. चालत नसेल तर पान मोकळे ठेवा. ते कुणाचे, हे तुमच्या मुलांना तोंडी सांगा.

आमच्या अल्बममध्ये अक्काचे पान आता पहिले आहे, लग्नाच्याही आधी. घरधन्यांनीच ते पुढे घ्यायला सांगितले. माझी नात ती पट्टी बघून रोज विचारते, "आजी, हे कुणाचं नाव?" मी सांगते. मग ती बोटाने गिरवते.