काळी एक आणि चौथा फ्रेट

गिटारच्या ऑनलाइन धड्यांचा आराखडा करायला बसलो तेव्हा अडलं ते पहिल्याच धड्यापाशी. यूट्यूबवर अशा मालिका ढिगानं आहेत आणि बहुतेक सगळ्या सी, डी, ईपासून सुरू होतात. मला विचारणारी पोरं सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णेकडची. घरात नाही तर गल्लीत पेटी आहे, सप्ताहात टाळ धरलेला आहे. 'काळी एक' म्हटलं की त्यांचं बोट बरोबर पट्टीवर जातं. सी शार्प म्हटलं की तोंडाकडे बघतात. मग थिअरी पेटीवरूनच लावायची ठरवली.

गिटारच्या सहाही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. जाड तारेकडून निघालं की पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. पहिला धडा हाच, तारा जुळवण्याचा. ट्यूनरचं अॅप आहेच, पण पेटीवर जुळवताना कान तयार होतो. फक्त जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या मापात असेलच असं नाही, त्यामुळे तिच्या साथीला बसायचं असेल तर तिच्यावरच जुळवावं आणि अॅप बंद ठेवावं.

दुसऱ्या धड्यात एकच तार. मोकळ्या तारेला सा मानलं की एकेका फ्रेटला पुढचा स्वर येतो, कोमल रे, शुद्ध रे, असं करत बाराव्या फ्रेटवर वरचा सा. तिथं तारेची लांबी निम्मी उरते. ०, २, ४, ७, ९, १२ एवढ्याच जागा वाजवल्या की भूप हाताला लागतो. बिलावल थाट म्हणजेच मेजर स्केल, हे सांगायला मग वेळ लागत नाही.

कॉर्डचा क्रम लावायला सगळ्यात जास्त वेळ गेला. सी, एफ, जी असा नेहमीचा रस्ता धरला की एफ आडवा येतो. एक बोट सहा तारांवर आडवं दाबायचं, नवख्या हाताला ते झेपत नाही आणि गिटार कपाटावर जाते. मी ए, डी, ई घेतले. सा, म, प या तीन जागांचे हे मेजर कॉर्ड. चौथ्या फ्रेटला कॅपो लावला की हेच तीन आकार काळी एकमध्ये जातात आणि भजनाला साथ करता येते. पांढरी चार हवी असेल तर डी, जी, ए आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटला. एफ बराच पुढं ढकलला. उजव्या हाताला केरवा: आठ मात्रांना हात खाली-वर चालूच ठेवायचा, हवा तिथंच तारेला लावायचा. केरव्याची चाल या पोरांच्या हातात आधीपासून आहे, ती कशाला मोडायची?

थेट वर्ग मी कमीच ठेवलेत. नेटवरून आवाज पोचायला जो उशीर लागतो त्यात दोघांनी एकत्र वाजवणं होत नाही, ताल सुटतो. त्यात मीटिंगचं अॅप कधीकधी लांबणारा सूर गोंगाट समजून दाबून टाकतं. त्यापेक्षा धडा रेकॉर्ड करून द्यावा, पोरांनी आपलं वाजवणं व्हॉट्सॅपवर पाठवावं. कॅमेरा माझ्या खांद्यावरून खाली बघणारा, म्हणजे पडद्यावरचा डावा हात स्वतःच्या हातासारखा दिसतो. इअरफोन सक्तीचा. जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, तो खर्ज मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून नीट निघत नाही.

गिटार पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवू नका, हेही एका धड्यात येणार. परभणीच्या मे महिन्यात स्वस्त गिटारचा ब्रिज उचलतो, तारा फ्रेटपासून वर जातात आणि बोटं विनाकारण सोलतात.

स्टाफ नोटेशनचं अजून ठरत नाहीये. ट्रिनिटीच्या क्लासिकल गिटारची परीक्षा द्यायची तर ते लागतं, भजनाच्या साथीला लागत नाही. तूर्त शेवटी ठेवलंय. पहिले चार धडे शाळा उघडायच्या आत रेकॉर्ड करायचेत, तेही पंखा बंद ठेवून, कारण माइकमध्ये आधी तोच ऐकू येतो.