लुनेताच्या हिरवळीवर

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहून आलेल्या आमच्या धर्मग्रामातील मंडळींशी गप्पा करताना एक वाक्य हटकून कानी पडते. "फादर, तिकडच्या चर्चमध्ये गायन ऐकावे ते फिलिपिनो लोकांचे!" नाताळपूर्वीची नऊ दिवसांची 'सिंबांग गाबी' ही मिस्सा ते परदेशातही चुकवीत नाहीत. कोणी इस्पितळात परिचारिका, कोणी परक्याच्या घरी मुले सांभाळणारी आई. परंतु चर्चमध्ये उभी राहिली की ही माणसे अशी गातात, जणू आपल्या गावच्या देवळातच उभी आहेत. हे गाणे त्यांना कोठून मिळाले, असा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. पुढे एका पास्टोरल अभ्यासक्रमासाठी काही महिने मनिला येथे राहण्याचा योग आला आणि त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका बागेत सापडले.

त्या बागेचे नाव लुनेता. सरकारदरबारी तिला 'रिझाल पार्क' म्हणतात. मनिलाच्या उपसागराकाठी सुमारे 58 हेक्टर जागेवर ती पसरलेली आहे. रविवारची मिस्सा आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे येथे येतात. हिरवळीवर चटई अंथरली जाते, भाताचे आणि मटणमाशांचे डबे उघडतात, आजोबा झाडाच्या सावलीत आडवे होतात, मुले फुग्यांमागे धावतात. फाटकातून आत शिरलेला नातू प्रथम आजीचा हात हाती घेऊन आपल्या कपाळाला लावतो. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद मागण्याची ही त्यांची रीत. गोव्यात आणि आपल्याकडे जुन्या घरांत संध्याकाळच्या जपमाळेनंतर मुले आशीर्वाद मागतात, त्याच जातीची. मोफत संगीत ऐकविण्याची परंपरा या बागेत जुनी आहे. अमेरिकन राजवटीत, 1902 साली वॉल्टर लव्हिंग या कृष्णवर्णीय अमेरिकन अधिकाऱ्याने फिलिपिनो वादकांचे कॉन्स्टॅब्युलरी बँडपथक उभे केले. ते लुनेतावर वाजत असे, आणि 1909 साली तेच पथक अमेरिकेचे अध्यक्ष टॅफ्ट यांच्या शपथविधीलाही वाजविण्यास गेले होते.

मात्र ज्या जमिनीवर ही चटई अंथरली जाते ती एके काळची वधभूमी आहे. स्पॅनिश अमदानीत या जागेला बागुम्बायान म्हणत आणि सरकारला नकोशा झालेल्या माणसांना येथे जाहीरपणे मृत्युदंड दिला जाई. 17 फेब्रुवारी 1872 रोजी येथे तीन धर्मगुरूंना गळा आवळून मारण्यात आले. मारियानो गोमेझ, होसे बुर्गोस आणि हासिंतो झामोरा अशी त्यांची नावे. फादर गोमेझ बहात्तर वर्षांचे होते. फादर बुर्गोस पस्तिशीचे. कावीते येथील शस्त्रागारात झालेल्या बंडाला त्यांची फूस होती, असा आरोप ठेवण्यात आला. त्यांचा सरकारला सलणारा खरा गुन्हा वेगळा होता. धर्मग्रामांचा कारभार युरोपीय संघीय धर्मगुरूंच्याच हाती का, या भूमीत जन्मलेल्या धर्मगुरूंना तो हक्क का नाही, असे ते विचारीत. त्यांची गुरुदीक्षा काढून घ्यावी ही सरकारची मागणी मनिलाच्या महागुरुस्वामींनी मान्य केली नाही. ते तिघे धर्मगुरू म्हणूनच मरण पावले.

त्या वेळी कालाम्बा गावात एक दहा वर्षांचा मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ फादर बुर्गोस यांच्या निकटच्या वर्तुळातला. हा मुलगा म्हणजे होसे रिझाल. येशूसंघीयांच्या आतेनेओ शाळेत तो शिकला, पुढे माद्रिदला जाऊन वैद्य झाला, नेत्रचिकित्सेत पारंगत झाला. 1887 साली बर्लिनमध्ये त्याने 'नोली मे तांखेरे' ही कादंबरी छापली. 1891 साली गेंटमध्ये छापलेली 'एल फिलिबुस्तेरिस्मो' ही दुसरी कादंबरी त्याने त्या तीन हुतात्मा धर्मगुरूंना अर्पण केली. सरकारने त्याला मिंदानाओ बेटावरील दापितान येथे चार वर्षे हद्दपार केले. तेथे त्याने रोग्यांचे डोळे तपासले, मुलांसाठी शाळा चालविली, गावाला नळाचे पाणी आणून दिले. अखेरीस 30 डिसेंबर 1896 रोजी सकाळी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याच बागुम्बायानवर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या छातीवर घ्याव्यात अशी त्याची इच्छा होती. ती नाकारून त्याला पाठमोरे उभे करण्यात आले. गोळ्या सुटल्या त्या क्षणी त्याने देह वळविला आणि तो आकाशाकडे तोंड करून पडला.

ज्या सांतियागो किल्ल्यातून त्याला चालवीत नेले, तेथून पुढे त्याच्या अखेरच्या वाटेवर पितळी पावले बसविलेली आहेत. किल्ल्यात आज बाग आहे. तेथेही कुटुंबे फिरायला येतात. एक लहान मुलगा आपली इवलीशी चप्पल एकेका पितळी पावलावर ठेवीत चालला होता आणि मागून येणारी त्याची आजी त्याला काही सांगत होती. भाषा आम्हांस कळत नव्हती. 'रिझाल' एवढा एकच शब्द पुनःपुन्हा ऐकू येत होता. इतिहासाचा तो पाठ शाळेतल्या कोणत्याही फळ्यावर लिहिलेला नव्हता. तरी तो मुलाच्या तळपायातून आत शिरत होता.

येथे एका धर्मगुरूने जो विषय टाळता कामा नये, तो आम्ही काढतो. रिझालच्या कादंबऱ्यांत धर्मसंघीयांवर जळजळीत टीका आहे. दोंदीन घेऊन बसलेले, सत्तेला कवटाळलेले, गरिबाच्या मयताच्या विधीचाही हिशेब मांडणारे पाद्री त्यांत आहेत. आमच्यासारख्या झगाधाऱ्याला ती पाने वाचताना सुखाची झोप लागत नाही. मृत्यूच्या आदल्या रात्री येशूसंघीय त्याच्या कोठडीत होते. त्याने आपली मते मागे घेऊन प्रायश्चित्त संस्कार स्वीकारला, असे सांगणारा एक कागद 1935 साली मनिलाच्या धर्मप्रांतीय दप्तरात सापडला. तो खरा की बनावट, हा वाद आजही मिटलेला नाही. 1956 साली या कादंबऱ्या शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकविण्याचा कायदा होत होता, तेव्हा तेथील बिशपांनी विरोध केला होता. कायदा झालाच. आज कॅथलिक शाळांतील मुलेही त्या वाचतात, आणि तेथील श्रद्धा काही कोसळलेली नाही. ज्या समाजाने आपल्या धर्मगुरूंवरील टीका पचविली, त्याच समाजाने 1986 साली धर्मगुरूंच्या हाकेला ओ दिली. आम्हांला वाटते, पहिली गोष्ट घडली नसती तर दुसरीही घडली नसती. प्रामाणिक टीका ऐकण्याची सवय असलेल्या मंडपातच प्रामाणिक हाक ऐकू येते.

आता गाण्याकडे वळू. फिलिपिनो संगीतात 'कुंदिमान' नावाचा एक गीतप्रकार आहे. संथ, तीन मात्रांची लय; शब्द प्रेमिकाच्या विनवणीचे. त्याचे सुरुवातीचे स्वर उदास असतात. पाश्चात्त्य संगीताच्या परिभाषेत बोलायचे तर गाणे मायनरमध्ये सुरू होते आणि उत्तरार्धात मेजरमध्ये उजळून निघते. फ्रान्सिस्को सांतियागो आणि निकानोर आबेलार्दो या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लोकगीताला मैफलीचे रूप दिले. परंतु त्याआधीच क्रांतिकाळात ही प्रेयसी कोण, हे ऐकणाराला कळू लागले होते. परक्या राजवटीत मायभूमीचे नाव उघड घेता येत नाही, तेव्हा ते प्रेयसीच्या नावाआड घेतले जाते.

'बायान को', म्हणजे 'माझा देश', हे गीतही याच कुळातले. होसे कोराझोन दे हेसुस यांचे शब्द आणि कोन्स्तान्सिओ दे गुझमान यांचे संगीत. अमेरिकन राजवटीत जन्मलेल्या या गीताला पुढे मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात सरकारचा रोष सोसावा लागला. 21 ऑगस्ट 1983 रोजी मनिलाच्या विमानतळावर निनॉय आकिनो यांचा खून झाला आणि त्यानंतर लोकांनी ते गीत रस्त्यारस्त्यांवर गायिले. 16 फेब्रुवारी 1986 रोजी कोरी आकिनो यांची विराट सभा याच लुनेतावर भरली. आठवडाभरातच कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना घराबाहेर पडण्याचे आवाहन केले. एद्सा मार्गावर रणगाड्यांपुढे जपमाळा घेतलेल्या स्त्रिया गुडघे टेकून बसल्या, आणि चार दिवसांत हुकूमशहा देश सोडून गेला.

एवढे धैर्य एका रात्रीत येत नाही. त्याची तालीम घराघरांतून चाललेली असते. प्रायश्चित्तकाळात, विशेषतः पवित्र आठवड्यात, फिलिपिनो गावांत 'पाबासा' होते. प्रभूच्या दुःखसहनाचे पद्यमय आख्यान, 'पासियोन', शेजारीपाजारी मिळून अखंड गातात. एक दमला की दुसरा सूर उचलतो आणि यजमानीण सर्वांना खाऊपिऊ घालते. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे 1616 साली छापलेले ख्रिस्तपुराण भाविक असेच गात असत. रेनाल्दो इलेतो या इतिहासकाराने 1979 साली एका ग्रंथात दाखवून दिले, की अडाणी शेतकऱ्याला क्रांतीचा अर्थ या पासियोनमधूनच उमगला. निरपराध्याला राजसत्ता मारते. पण मरण हा शेवटचा शब्द नसतो, हे तो दरवर्षी गातच होता. कुंदिमान उदासातून उजेडात जाते, तेही आम्हांला उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाच्या त्याच वाटेने जाताना दिसते.

मनिलाजवळ लास पिन्यास येथील चर्चमध्ये बांबूचा ऑर्गन आहे. फादर दिएगो सेरा या धर्मगुरूंनी तो 1816 ते 1824 या काळात घडविला. त्याच्या 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या. भूकंप आणि वादळे यांनी तो खिळखिळा झाला. 1973 साली जर्मनीत बॉन येथे दुरुस्तीसाठी गेला आणि 1975 साली परतला. सहलीला आलेली मुले त्या नळ्यांकडे माना वर करून पाहतात. रानातल्या बांबूतूनही देवाची स्तुती निघू शकते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

लुनेताची कथा अजून एका अर्थाने आपली आहे. 18 फेब्रुवारी 1981 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लोरेन्झो रुईझ यांना धन्यवादित घोषित केले ते याच मैदानावर. रोमबाहेर पार पडलेला तसला तो पहिला सोहळा. लोरेन्झो हे धर्मगुरू नव्हते. मनिलाच्या बिनोंदो भागातले संसारी गृहस्थ, तीन मुलांचे वडील. 1637 साली जपानात नागासाकी येथे त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिला. त्याच नागासाकीत चाळीस वर्षे आधी, 5 फेब्रुवारी 1597 रोजी, आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया क्रुसावर गेले होते. वसईत जन्मलेल्या या तरुणाने फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगावर घेतला तो मनिलामध्ये, आणि तेथूनच ते जपानला गेले. मनिला हे आमच्या संताचे आध्यात्मिक माहेर आहे, हे किती वसईकरांना ठाऊक आहे?

वधभूमीवर फुगे आणि खाऊचे डबे शोभतात काय, असे कोणी विचारील. आमच्या बरोबरच्या एका वयोवृद्ध धर्मगुरूंना ते रुचले नव्हते. हुतात्म्याच्या समाधीपाशी शांतता हवी, असे त्यांचे म्हणणे. तेथील स्मारकाखाली 1912 सालापासून रिझालचे अवशेष आहेत आणि सैनिक रात्रंदिवस पहारा देतात. तेवढी शांतता पुरेशी आहे, असे आम्हांस वाटले. ज्यांच्यासाठी तो मेला त्यांची मुले तेथे निर्भयपणे खेळतात, यापरती दुसरी कोणती आदरांजली? 15 जानेवारी 1995 रोजी जागतिक युवा दिनाची सांगता याच परिसरात झाली, तेव्हा गर्दी इतकी लोटली की रस्ते तुंबले आणि पोप महाशयांना हेलिकॉप्टरने यावे लागले. 18 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सेला भर पावसात साठ लाखांवर लोक होते, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. जेथे एके काळी माणसे मरण पाहण्यासाठी जमविली जात, तेथे ती भाकरीच्या भोवती जमली.

चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वसईच्या किल्ल्यातही रविवारी कुटुंबे येतात. पडक्या चर्चच्या कमानीखाली छायाचित्रे काढली जातात, डबे उघडले जातात, आणि संध्याकाळी सारे घरी परततात. या दगडांनी काय पाहिले, गोन्सालो गार्सिया कोण, हे सांगणारी आजी त्या डब्यांबरोबर आलेली नसते; आली तरी तिच्या शेजारचा नातू मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असतो. आमच्या धर्मग्रामांतून सहली पुष्कळ निघतात. बसमध्ये गाणीही होतात, पण ती ध्वनिवर्धकातून येतात; कंठातून येत नाहीत. घरातली संध्याकाळची जपमाळ थांबली, त्याबरोबर घराने एकत्र गाणेही सोडले. जे घर एकत्र गात नाही, त्याला परदेशी गेल्यावर कशाच्या आधारे एकत्र राहता येईल? दुबईच्या त्या चर्चमध्ये गाणारी फिलिपिनो आई आपल्या लेकरांपासून हजारो मैल दूर असते. तिच्यापाशी चटई नसते, बाग नसते. सूर तेवढा असतो. तो तिला लहानपणीच घरातून मिळालेला असतो.

म्हणून आमची आमच्या कुटुंबांना एक साधी विनंती आहे. पुढल्या सुट्टीत किल्ल्यात जाल तेव्हा डब्यांबरोबर एक गोष्ट न्या आणि एक गाणे न्या. गोष्ट आजीने सांगावी, गाणे सर्वांनी म्हणावे. सूर चुकला तरी हरकत नाही. मुलांना त्या दगडांवर मनसोक्त खेळू द्या, फक्त आपण कोणाच्या पावलांवर पाऊल ठेवतो आहोत, एवढे त्यांच्या कानी पडू द्या.