वर्ग, डमी, वॉर्ड : काही टिपणे

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा निघाली. तिथं शिकण्याची मुख्य जागा वॉर्डच. ठाणे-कल्याणकडच्या नर्सिंगच्या मुलामुलींची सकाळची ड्युटीही त्याच वाटेनं जाते. पण नुसतं वॉर्डात उभं राहून शिक्षण होत नाही.

*

व्याख्यान. संसर्ग कसा पसरतो, औषधाची मात्रा कशी काढायची, हे एका तासात सगळ्या वर्गाला सांगता येतं. मुरबाड-शहापूरकडून मराठी शाळेत शिकून आलेल्या मुलीपुढे पुस्तक मात्र इंग्रजी असतं. ट्युटर मध्येच मराठीत समजावू लागतात, तेव्हा तिची मान वर होते. हा तास कमी लेखू नये.

*

डमी. अमेरिकेत मार्था चेस यांनी १९११ मध्ये हार्टफर्डच्या रुग्णालयासाठी माणसाएवढी बाहुली केली, ‘मिसेस चेस’. आजची मॅनिकिन तिच्याच कुळातली. सुई चुकली तर पुन्हा टोचता येते. हात बसायला हीच जागा. भारतीय नर्सिंग परिषदेनं २०२१ च्या बीएस्सी अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा दिली, हे योग्यच झालं. पण मॅनिकिन हात मागे ओढत नाही, ‘सिस्टर, हळू’ म्हणत नाही.

*

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. मानसोपचाराच्या पोस्टिंगला विद्यार्थी इथं येतात आणि ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहितात. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्यातून काय कळलं, असे रकाने. रुग्ण म्हणतो, ‘घरचे न्यायला येणार आहेत.’ विद्यार्थिनी घाईनं म्हणते, ‘हो, येतील ना.’ रकाना भरताना तिच्या लक्षात येतं, की धीर देण्याच्या नादात आपण खोटं आश्वासन दिलं आणि त्याचं बोलणं तिथंच थांबवलं. स्वतःचं वाक्य असं कागदावर समोर ठेवणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

*

डोंबिवलीच्या चाळीतली गृहभेट. वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग ठेवायची, आधी हात धुवायचे. खोलीत पाणी येण्याची वेळ ठरलेली असेल, तर हात धुवायचं पाणी मोजूनच घ्यावं लागतं. पुस्तकातला नियम आणि घरातली अडचण यांची सांगड घालायची, हाच तिथला धडा.

*

परीक्षा. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ‘ऑस्की’ मांडली. प्रत्येक टेबलावर वेगळं काम, ठरलेली वेळ, सगळ्यांना एकच तपासयादी. ओळखीपाळखीनं गुण देण्याला त्यामुळे आळा बसतो. मात्र रात्रपाळीत तीन रुग्ण एकदम हाक मारतात, तेव्हा आधी कुणाकडे जायचं, हे सुट्या टेबलांवर पुरतं कळत नाही.

*

तुलनेतून एक गोष्ट ठाम वाटते. पद्धत कोणतीही असो, तिच्यामागून बोलणं हवं. डमीवर काय चुकलं, रुग्ण का रडला, मी गप्प का राहिले. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असं परिषदेचं प्रमाण आहे. तो शिक्षक वॉर्डात हजर असावा, आणि ड्युटी संपल्यावरचा अर्धा तास या बोलण्यासाठी वेळापत्रकातच लिहिलेला असावा.